तिसऱ्या नंबरचा किनारा

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी, जर्मनीत झिंडेलफिंगेनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या बायकोला पोहता येतं हे मला कळलं. आमच्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता आणि त्यात मी केलेला एक्सेलचा तक्ता. फेब्रुवारीतल्या फाशिंगच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या सुट्टीत मी, बायको आणि तेरा वर्षांची मुलगी असे तिघं कॅरिबियन क्रूझला जाणार होतो. राइझेब्युरोतल्या ट्रॅव्हल एजंट बाईंनी बुकिंग करून दिलं होतं. फ्रँकफुर्टहून विमान, मग आठवडाभर बोट, वाटेत चार बेटं. तीन बेटांवर काय बघायचं ते बोटवाल्यांनी ठरवलेलंच होतं. चौथ्या बेटावर मात्र बोट सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत उभी राहणार होती आणि तो दिवस आमचा आम्ही काढायचा होता. तो समुद्रकिनाऱ्यावर घालवायचा यावर घरात एकमत होतं. किनारा कोणता, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मीच ते घेतलं.

मी गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्या सेफ्टीचं काम करतो. काय काय बिघडू शकतं त्याची यादी करायची, प्रत्येक गोष्टीला मार्क द्यायचे, हा माझा रोजचा धंदा. किनाऱ्यांनाही मी तेच लावलं होतं. बंदरापासून अंतर, लाटा, सावली, जीवरक्षक आहे की नाही, आणि परत यायला लागणारा वेळ, कारण बोट कुणासाठी थांबत नाही. धक्क्यावरून बोटीकडे धावत सुटलेल्या माणसांचे व्हिडिओ मी पाहिले होते आणि आपण त्यांच्यातले व्हायचं नाही हे ठरवून टाकलं होतं.

तीन किनारे उरले होते. पहिला बंदराला लागूनच, चालत जाण्यासारखा, पण अर्धी बोट तिथेच लोटणार. दुसरा शांत, प्रवाळाची भिंत लाटा अडवते आणि खूप आतपर्यंत कमरेइतकंच पाणी. तिसऱ्या किनाऱ्यावरून एका छोट्या होडीने पुढे नेतात आणि खोल पाण्यात उतरवतात. खाली तळाशी गवत आहे, ते खायला समुद्री कासवं येतात. तिसऱ्याची ओळ मी लाल केली होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘हिला पोहता येत नाही.’

“आल्झो, तर मग,” मी लॅपटॉप वळवून म्हणालो, “दोन नंबर. तुलाही पाण्यात येता येईल. नुसतं चालत चालत आत जायचं.”

बायको तुर्की दुकानातून आणलेली कोथिंबीर निवडत होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं, लाल ओळ वाचली असावी, आणि म्हणाली, “मला तिसरा हवाय.”

मी हसलो. “अगं, तिथे पाय टेकत नाहीत.”

“माहितीये.”

“होडीतून थेट उडी मारायची असते.”

“माहितीये रे. मी पण वाचलंय.”

कोचावर फोन घेऊन पडलेली मुलगी मान वर न करता म्हणाली, “आई कान डॉख श्विमेन, बाबा.” आईला येतं की पोहायला. माझ्या घड्याळात साडेतीन वाजलेत हे ज्या आवाजात सांगावं, त्या आवाजात.

मला वाटलं दोघींनी मिळून काहीतरी गंमत ठरवली आहे. मी बायकोकडे बघत राहिलो, ती आत्ता हसेल म्हणून. ती हसली नाही. मुलगी उठली, बाथरूममध्ये गेली आणि एक निळा टॉवेल घेऊन आली. त्याच्या कोपऱ्यात एक गोल बिल्ला शिवलेला होता. पोहण्याची ब्राँझची परीक्षा पास झाल्यावर इथे मिळतो तो. तो टॉवेल मला चांगला माहीत होता. तळघरातल्या दोरीवर कित्येकदा मी स्वतः तो वाळत घातला होता, मुलीचा समजून.

“डेर इस्ट फॉन आई,” मुलगी म्हणाली. हा आईचा आहे. “मी फक्त शिवून दिला.” हे दुसरं वाक्य तिने मराठीत म्हटलं, जे ती क्वचित करते.

“कधी?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली,” बायको म्हणाली. “मंगळवारी सकाळी. हालेनबाडमध्ये मोठ्या माणसांचा कुर्स असतो.”

हालेनबाड म्हणजे गावचा छताखालचा पोहण्याचा तलाव. मंगळवारचा कुर्स, म्हणजे क्लास, मला ठाऊक होता. “कुर्सला जातेय,” असं म्हणून ती दर मंगळवारी मी निघायच्या वेळीच पाठीवर सॅक टाकून बाहेर पडायची. तो जर्मन भाषेचा कुर्स आहे असं मी धरून चाललो होतो. पुण्याला आईला फोनवर सांगितलंही होतं, की सूनबाई भाषेची पुढची पातळी करतायत. ऑफिसात सांगितलं होतं. तिला कधी विचारलं नव्हतं. दोन वर्षांत तिचं एकही पुस्तक घरात दिसलं नाही, याचंही मला काही वाटलं नव्हतं.

मला राग आला. धक्का बसला की मला आधी राग येतो. “दोन वर्षं! आणि मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही? हिला सांगितलंस, मला का नाही?”

बायकोने कोथिंबीर चाळणीत टाकली आणि नळ सोडला. उत्तर मुलीने दिलं. “वाइल डू इमर दी गेशिख्टे एर्त्सेल्स्ट.” कारण तू नेहमी ती गोष्ट सांगतोस.

“कुठली गोष्ट?”

“तळ्याची,” ती म्हणाली.

तळ्याची गोष्ट माझी होती. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात मी ती एकदा तरी सांगितली असेल, काही घरांत तीनदा. मुलगी चार वर्षांची होती. उन्हाळ्यातला रविवार, आम्ही चार कुटुंबं एका बाडेझेवर, म्हणजे पोहायला मोकळ्या असलेल्या तळ्यावर गेलो होतो. ग्रिलवर कणसं होती, कुणीतरी कलिंगड कापत होतं. पोरगी कधी पाण्याशी गेली कुणाला कळलं नाही. तिथे काठापासून दोन-तीन पावलांवर जमीन एकदम खाली जाते. मी डावीकडे होतो, कोळसे घालत होतो. तिचा पिवळा हात पाण्यावर दिसला. तिने पिवळ्या फुगवायच्या बाह्या घातल्या होत्या, त्यातली एक निसटली होती. मी बुटांसकट धावलो, पाण्यात शिरलो, तिला उचललं आणि बाहेर आणलं. ती पाणी ओकली, रडली आणि वाचली.

गोष्ट इथे संपत नसे. एवढं ऐकून लोक गप्प व्हायचे, आणि ती शांतता मोडायला मी पुढे म्हणायचो, “आणि ही? ही आपली काठावर उभी! थिएटरात पिक्चर बघावा तशी!” लोक सुटल्यासारखे हसायचे. बायकोही हसायची. निदान मला तसं दिसायचं. गेल्या दिवाळीत कायझर्सलाउटर्नला एका मित्राकडे आठ-दहा विद्यार्थ्यांसमोर मी हे सांगितलं होतं, हातवारे करून.

बायकोने नळ बंद केला. हात पुसले. माझ्यासमोर बसली.

“मी काठावर नव्हते,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मी पाण्यात होते. तुझ्या आधी मी गेले. मी पहिली पाहिली तिला. चार पावलं गेले आणि खालची जमीन संपली. तू डावीकडून आलास, तिला घेतलंस आणि वळलास. मी तिच्या पलीकडे होते. तुला दिसले नसणार.”

मुलगी कोचाच्या पाठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. तिला हे सगळं माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“पाण्याखालून मला तुझे पाय दिसत होते,” बायको म्हणाली. “बूट. लांब जाणारे. मला हाक मारायची होती, पण तोंड उघडलं की पाणी जायचं. मग कुणीतरी माझा दंड धरला. एक म्हातारी जर्मन बाई, डोक्याला रबरी टोपी. तिने ओढत आणलं मला. सारखी ‘टीफ, टीफ’ म्हणत होती. खोल आहे, खोल आहे. मी काठावर आले तेव्हा तू हिला टॉवेलात गुंडाळून बसला होतास. माझ्याकडे बघितलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, ‘तू नुसती बघत काय उभी होतीस?’”

“तेव्हाच सांगायचंस ना!”

“मी खोकत होते. आणि तू हिला छातीशी धरून रडत होतास. तेव्हा काय सांगायचं?”

“मग नंतर?”

“नंतर तू ती गोष्ट सांगायला लागलास.”

ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. आवाज चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी लॅपटॉप उचलला आणि खरं सांगायचं तर आतल्या खोलीत पुरावा शोधायला गेलो. माझ्या कामात कुणी काही म्हणालं की आम्ही आधी डेटा मागतो. त्या दिवसाचे फोटो माझ्याकडे होते. नऊ वर्षांपूर्वीचं फोल्डर उघडलं. टॉवेलात गुंडाळलेल्या मुलीचा, आमच्यातल्याच कुणीतरी काढलेला फोटो मी शंभर वेळा पाहिलेला होता. निळे पडलेले ओठ, मोठे डोळे. तो फोटो मी माझ्या आईला पाठवला होता, ऑफिसात दाखवला होता.

फोटोच्या उजव्या कडेला बायको उभी होती. तिचे केस ओले होते. नुसते ओले नव्हते, चेहऱ्याला चिकटले होते आणि टोकांमधून पाणी गळत होतं. कुर्ता अंगाला चिकटलेला. खांद्यावर हिरवं काहीतरी होतं, पाण्यातल्या वनस्पतीचा तुकडा. तिच्या मागे, थोडी अस्पष्ट, रबरी टोपी घातलेली एक म्हातारी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

मी तो फोटो मोठा केला, परत लहान केला. नऊ वर्षं हा फोटो माझ्याजवळ होता. मी तिथेच जमिनीवर बसलो. बायको मेली असती. मी तिला तिथे सोडून पाठ फिरवली होती, तेही कळलं नव्हतं, आणि वर त्याचा विनोद केला होता. आणि ती वाचली ती एका बाईमुळे, जिचे मी आभारही मानले नव्हते. ती बाई कदाचित आता हयातही नसेल.

पुढच्या मंगळवारी मी कामावर उशिरा येतो असं कळवलं आणि हालेनबाडला गेलो. बायकोला सांगितलं नव्हतं. वर काचेमागे पालकांना बसायला बाकं असतात, तिथे बसलो. एरवी तिथे लहान मुलांचे आईबाप असतात. त्या सकाळी मी एकटाच होतो. खाली सात-आठ बायका, कुणी सीरियाची असावी, कुणी आफ्रिकेतली, दोघी जर्मन आज्या. काळा पूर्ण बाह्यांचा पोशाख घातलेली माझी बायको मला आधी ओळखूच आली नाही. शिकवणारी बाई काठावरून ओरडत होती आणि टाळ्या वाजवत होती.

मग बायको एक मीटरच्या फळीवर चढली. टोकाशी गेली. मी उभा राहिलो. तिने क्षणभर खाली पाहिलं आणि उडी मारली. पाणी मिटलं. ती वर येईना. मी काचेला हात लावून उभा. खालच्या एकाही बाईला काळजी वाटत नव्हती. मग ती वर आली, हात उंच करून. हातात तळाशी टाकलेली लाल रिंग होती. बाकीच्या बायकांनी आरडाओरडा केला, ती जोरात हसली. तिचं तसं हसणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. तेही काचेपलीकडून नीट ऐकू येत नव्हतंच.

बाहेर आल्यावर मला पाहून ती थांबली. “कशाला आलास?”

“बघायला,” मी म्हणालो, आणि बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

तिथल्या कॅफेटेरियात आम्ही फ्रेंच फ्राइज खाल्ले. तिला पोहल्यावर प्रचंड भूक लागते, हेही नवीन होतं. मी माफी मागितली. जी वाक्यं मी येताना गाडीत जुळवली होती, ती सगळी विस्कटली. ती ऐकत होती, खात होती.

“मी तुला एकदा विचारलं होतं,” ती म्हणाली. “पोरीला पोहायला घातलंस ना, तेव्हा. म्हटलं, मी पण शिकू का? तू म्हणालास, या वयात कशाला, मी आहे ना.”

हे मला आठवत नव्हतं. तोवर मला स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवायची हिंमतही उरली नव्हती.

“आता ती गोष्ट परत सांगू नकोस,” ती म्हणाली. “एवढंच कर.”

पण सांगायची वेळ चारच दिवसांनी आली. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला एका मित्राकडे जमलो होतो. तळ्यावर बरोबर असलेलं एक कुटुंब तेच. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपंही होतं. मित्र त्यांना म्हणाला, “तळ्याबिळ्यावर जपून हां. अरे, तुझी ती गोष्ट सांग ना यांना.” मी बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. मग मी सांगितली, या वेळी जशी घडली होती तशी. बुटांसकट. म्हाताऱ्या बाईसकट.

मित्राची बायको म्हणाली, “पण हे तर आम्हाला माहीत आहे.”

“काय?”

“ही बुडत होती ते. मीच तिला माझा कोरडा ड्रेस दिला नव्हता का? घरी जाताना माझ्या ड्रेसमध्ये होती ती. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मग इतकी वर्षं मी सांगायचो तेव्हा तुम्ही हसायचात…”

“आम्हाला वाटायचं, तुमच्या दोघांतली काहीतरी चेष्टा आहे.” ती माझ्याकडे अशी बघत होती की मला हातातला तिळाचा लाडू कुठे ठेवावा कळेना. त्या दिवशी मी बायकोला गाडीतून घरी आणलं होतं. पाऊण तास ती माझ्या शेजारी दुसऱ्याच बाईच्या कपड्यांत बसली होती.

फेब्रुवारीत आम्ही क्रूझला गेलो. तिसरा किनारा नक्की झाला होता, त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. मी फक्त परतीची वेळ बघून टॅक्सी ठरवली. होडीवाल्याने विचारलं, पोहण्याचं सर्टिफिकेट कुणाकडे आहे? मायलेकींनी हात वर केला. मी साताऱ्याजवळच्या मामाच्या विहिरीत शिकलो होतो, ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने मला नारिंगी जॅकेट घालायला लावलं आणि पट्टे स्वतः आवळले. मुलगी हसून हसून वाकली.

बायकोने उडी मारली. मी होडीच्या कडेला धरून तिचं डोकं शोधत होतो. पाणी इतकं चमकत होतं की डोळे दिपत होते. एक काळा ठिपका दिसला, तो दुसऱ्याच प्रवाशाचा निघाला. मग बऱ्याच लांबून तिची हाक आली, “अरे, ये ना! हळू ये, पाय आपटू नकोस, घाबरेल ते!”

मी जॅकेटवर तरंगत, कुत्र्यासारखे हात मारत तिथवर गेलो. तिने माझं कोपर धरलं आणि माझा चेहरा पाण्यात वळवला. खाली, हिरव्या गवतात, पोळपाटापेक्षा मोठं एक कासव चरत होतं. आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. थोड्या वेळाने ते सावकाश वर आलं, आमच्यापासून हातभर अंतरावर नाक बाहेर काढलं, एक श्वास घेतला आणि परत खाली गेलं. मुलगी तोंडातल्या स्नॉर्केलच्या नळीतून काहीतरी ओरडली, ते जर्मन होतं की मराठी कळलं नाही.

साडेतीनला आम्ही टॅक्सीत होतो, साडेचारला बोटीवर. मुलगी आंघोळ न करताच झोपली. बायको केबिनच्या गॅलरीत केस वाळवत बसली होती, पाठ उन्हाने लाल झालेली. मी तिच्या खांद्यांना क्रीम लावत होतो. महिन्याभरापासून तोंडाशी आलेलं शेवटी विचारलं.

“मला माहीत नाही असं अजून काही आहे का?”

तिने खरोखर विचार केला. बोटावर मोजल्यासारखं काहीतरी केलं.

“आहे की,” ती म्हणाली. “पण आधी जेवायला जाऊ. फार भूक लागलीये.”